फळांची वाईन : आधी लेबल वाचा

नाहूरला मला रुग्ण नेहमी विचारतात, "डॉक्टर, फळांची वाईन म्हणजे सरबतच ना?" मुळीच नाही. फळांच्या रसातील साखर आंबून तिचे मद्य होते. पाणी, रंग, सुगंध व बाहेरचे मद्यार्क मिसळून त्यावर फळाचे चित्र चिकटवणे ही शुद्ध फसवणूक होय.

मद्यार्काऐवजी स्वस्त मिथेनॉल घातले, तर गोष्ट जिवावर बेतते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. दृष्टी जाते, प्राणही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभरांवर बळी घेतले.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मद्यही येते. खोट्या लेबलाला ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित मालाने मृत्यू ओढवल्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप.

वाचकहो, लेबलावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, मद्यार्काचे प्रमाण व वैधानिक इशारा नसेल, तर बाटली घेऊ नका. राज्य उत्पादन शुल्क किंवा अन्न व औषध प्रशासनाला कळवा. पिल्यावर उलट्या, पोटदुखी किंवा धूसर दिसणे सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा. ही लक्षणे कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. वेळेवर उपचार झाल्यास डोळे व प्राण वाचू शकतात. आणि न पिणे हे सर्वांत उत्तम!