मोबाईलवर चालणारा स्टार्टर : बसवताना व हाताळताना घ्यावयाची काळजी



रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, वाटेत विंचू-काट्याचे भय, आणि पोहोचेतो लाईट गेलेली, हा त्रास आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे स्टार्टरच्या पेटीत सिम कार्डाचे यंत्र बसवून घरूनच फोनवर मोटार चालू-बंद करण्याची सोय शेतकऱ्यांनी उचलून धरली, यात नवल नाही. सोय चांगलीच आहे. पण गटात फिरताना ज्या पेट्या आम्ही पाहतो, त्यांतल्या बऱ्याच पाहून छातीत धस्स होते. म्हणून हा लेख.

पूर्वी मोटार चालू करणारा माणूस पेटीपाशी उभा असे. आता तो गावात, नाहीतर बाजारात असतो, आणि पंपावर कोण आहे हे त्याला दिसत नाही. आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचा मुलगा पंपाच्या ग्लँडला दोरी भरत होता. मोटार थांबलेली होती, म्हणून मेन स्विच तसाच ठेवलेला. इकडे वडिलांनी लाईट आली असेल म्हणून घरून फोन लावला. शाफ्ट फिरला आणि पोराची दोन बोटे गेली. दोघांपैकी कुणी हयगय केली असे म्हणवत नाही. मोटार लांबून चालू होऊ शकते, एवढेच त्या वेळी दोघांच्या ध्यानात नव्हते. यंत्र ‘ऑटो’वर असेल तर फोनचीही गरज नाही, लाईट येताच मोटार आपली आपण सुरू होते.

तेव्हा पंपाला, केबलला किंवा पेटीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घालावेत, आणि मगच काम धरावे. घरी फोन करून सांगितले तरी किटकॅट काढायचेच. घरात फोन चार जण हाताळतात. मेन स्विचच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारांत मात्र लाईट असतेच. तिथे हात घालणे वायरमनचे काम. यंत्रावरचा दिवा विझला म्हणजे लाईट गेली असेही समजू नये. एक फेज गेलेली असते आणि उरलेल्या दोन जिवंत असतात. टेस्टर तिन्ही तारांना लावून पाहावा. पेटीत कपॅसिटर असेल तर तो लाईट बंद केल्यावरही काही वेळ झटका देतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता बसवण्याविषयी. पत्र्याच्या पेटीत रेंज मिळत नाही म्हणून अँटेना बाहेर काढतात. त्यासाठी भोक पाडायचे ते खालच्या अंगाने, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही, आणि त्यात रबरी बुश घालावा. नाहीतर पत्र्याच्या धारेने वायर सोलते. अँटेना लाईटच्या खांबाला बांधलेली आम्ही पाहिली आहे. असे कदापि करू नये.

सर्वांत वाईट खोड अर्थिंगची. काही यंत्रांना न्यूट्रल लागतो, तो मळ्यात नसतो, मग अर्थिंगचीच तार न्यूट्रल म्हणून जोडतात. यंत्र चालते, पण अर्थिंग कुठे सैल झाले की पेटी, पाईप, मोटारीची बॉडी सगळ्यांत करंट उतरतो आणि पाणी पाजणारा ओल्या पायांनी तिथेच उभा असतो. दोन फेजवर चालणारे यंत्र मागून घ्यावे. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. त्यासाठी सुमारे अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाईप जमिनीत पुरून भोवती कोळसा व मीठ भरावे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतीत जावे. उसाच्या सरीला पाणी देताना एक बादली तिकडे ओतायला कितीसा वेळ लागतो!

यंत्रात कोणाकोणाचे नंबर भरले आहेत तेही एकदा तपासावे. गडी काम सोडून गेला तरी त्याचा नंबर तसाच राहतो.

इतके करूनही कुणाला करंट लागलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरजोरात दाब देत राहावे, दुसऱ्याने 108 ला फोन लावावा, आणि गाडी येईपर्यंत दाब देणे थांबवू नये.