स्टेम्स पाठवण्याआधी

चि. ओंकार यास,


तुझं नवं गाणं ऐकलं. मुखड्याआधीचा बासरीचा पीस आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी चढत जाणारी व्हायोलिन्स तुझीच, हे ओळखायला वेळ लागला नाही. यूट्यूबवर खाली गीतकार, संगीतकार, गायिका, मिक्सिंगवाला, पोस्टर करणारासुद्धा आहे. तू नाहीस. वर तू म्हणतोस, "पैसे मिळाले ना मामा, नावाचं काय एवढं!"

तुझ्यासारख्या संगीत संयोजकांचं हे दुखणं जुनंच आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन वर्षानुवर्षं गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी केलं. मानधन घ्यायचं, नोटेशन वाटायचं आणि पुढच्या रेकॉर्डिंगला जायचं, असा संयोजक मंडळींचा रिवाज. माजोर्ड्याचे संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते 1977 साली, 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी आठवण ठेवली म्हणून. सगळ्यांच्याच नशिबी असे शिष्य नसतात.

कायदाही संयोजकाच्या बाजूने फारसा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयोजन म्हणजे मूळ कृतीचं रूपांतर, आणि ते करण्या-करवण्याचा हक्क संगीताच्या मालकाचा. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं; त्यात संयोजकाचा वेगळा उल्लेखही नाही. शिवाय एक मेख मारून ठेवलीय: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आणि धंद्याच्या रिवाजाने ज्याचं नाव कुठेच येत नाही, त्याला रॉयल्टीपुरतं 'कलाकार'च धरत नाहीत. आता सांग, नावाचं काय एवढं?

तेव्हा स्टेम्स, म्हणजे वाद्यांचे सुटे ट्रॅक, पाठवण्याआधी बोलून घे, आणि बोललेलं मेलवर लिहून घे. पीस तू स्वतः रचला असशील तर सहसंगीतकार म्हणून नाव आणि टक्का माग. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे गाण्याची नोंद त्याच वाटणीने होऊ दे. संगीतकाराने गुणगुणून दिलेलं तू नुसतं वाद्यांवर बसवलं असेल, तर मात्र तो हट्ट धरू नकोस. तिथे चोख मानधन आणि 'संगीत संयोजन' एवढं नाव पुरे. कुठला सूर कुणाचा, हे तुला पक्कं ठाऊक असतं.

हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो. म्हणून तर कंपन्या 'कायमस्वरूपी' हा शब्द विसरत नाहीत. पुढच्या करारावर सही करण्याआधी तो मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
मामा