ऊस वाहणाऱ्या चालकास पोलिसांनी थांबविले असता

बारामती व इंदापूर तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर व बिजवडी येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची सडकेवर रात्रंदिवस रीघ लागते. चालकास घाई असते, आणि ती अकारण नसते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते व साखरेचा अंश उतरतो. तथापि या घाईपोटी पोलिसाने हात दाखविताच ट्रॅक्टर पुढे दामटणे हे सर्वांत तोट्याचे होय.

भरलेल्या दोन ट्रॉल्या एकाएकी थांबत नाहीत. करकचून ब्रेक दाबल्यास मागील ट्रॉली आडवी होण्याचा संभव असतो. यास्तव इशारा दिसताच बाजूचा दिवा लावावा, वेग हळूहळू कमी करावा व गाडी सडकेच्या डाव्या कडेला पूर्णपणे घ्यावी. पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री ही दक्षता विशेष आवश्यक आहे. मागील ट्रॉलीस तांबडे परावर्तक नसतील, किंवा ते लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकले गेले असतील, तर मागून येणाऱ्या वाहनास उभी ट्रॉली दिसतच नाही. तपासणीपेक्षा हा धोका मोठा आहे.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने आपला परवाना दाखविलाच पाहिजे, असे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० मध्ये सांगितले आहे. नोंदणीपत्र व विमापत्रही जवळ असावे. डिजिलॉकरमधील प्रत भ्रमणध्वनीवर दाखविली तरी चालते. नोंदणी, विमा आदी कागद त्या वेळी जवळ नसल्यास १५ दिवसांत साक्षांकित प्रती सादर करण्याची सवलत आहे; मात्र परवान्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेतल्यास त्याची पोच मागून घ्यावी. तो परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालविता येते. पुष्कळ चालक पोच न घेताच निघून जातात आणि पुढच्या नाक्यावर पुन्हा अडकतात.

वजनाच्या बाबतीत हिशेब स्पष्ट आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे; शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज गाडी हलविता येत नाही. परंतु अधिकृत अधिकाऱ्याने सांगूनही काट्यावर जाण्याचे नाकारले, अथवा वजनापूर्वीच मोळ्या खाली टाकल्या, तर दंड ४०,००० रुपये आहे. म्हणजे पाच टन जादा ऊस भरणाऱ्यास ३०,००० आणि काटा चुकविणाऱ्यास त्याहून १०,००० अधिक! ट्रॉली भरतानाच मालकाने फडात उभे राहून भार आवरला, तर चालकावर हा प्रसंग येणार नाही.

चढावर थांबावे लागल्यास चाकांमागे दगड लावणे योग्यच आहे. निघताना ते उचलून सडकेबाहेर टाकावेत; अंधारात त्या दगडांवर दुचाकीस्वार आदळतात.