सैन्यातील विधी अधिकारी : पात्रता आणि पूर्वतयारी

बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री केंद्रात भरती होण्याचा मार्ग आपल्या गावागावांत परिचित आहे. भरतीसाठी किती धावावे लागते, छाती किती भरावी लागते, हे शाळकरी मुलेही सांगू शकतात. परंतु कायद्याची पदवी घेऊनही सैन्यात अधिकारी होता येते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना आणि काही शिक्षकांनाही ठाऊक नसते. ती ठाऊक होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो : पदवीच्या गुणांची टक्केवारी कमी पडलेली असते किंवा वयाची मर्यादा उलटलेली असते. म्हणून या सेवेचे स्वरूप काय, पात्रता कोणती आणि तयारी केव्हापासून करावी, याचा विचार येथे केला आहे.

सैन्यास निराळा कायदा का?

नागरिकास जे स्वातंत्र्य असते ते सर्वच्या सर्व सैनिकास देता येत नाही. आज्ञा मोडणे हा कारखान्यात शिस्तभंग ठरेल, पण सीमेवर त्यामुळे इतरांचे प्राण जाऊ शकतात. यास्तव आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 33 ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. भूदल आणि वायुदल यांचे कायदे 1950 चे, तर नौदलाचा कायदा 1957 चा आहे.

या कायद्यांखालील न्यायालयास आपण कोर्ट मार्शल म्हणतो. भूदलात त्याचे चार प्रकार आहेत. त्यांतील जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि ते मृत्युदंडापर्यंतची शिक्षा देऊ शकते. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी असतात व त्यास दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा देता येते. समरी जनरल कोर्ट मार्शल हा तिसरा प्रकार होय. चौथ्या, म्हणजे समरी कोर्ट मार्शलमध्ये, पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. तो लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असल्यास एक वर्षापर्यंत कारावास देऊ शकतो.

आता असे पाहा की, या न्यायासनावर बसणारे अधिकारी पायदळाचे, तोफखान्याचे वा अन्य शाखांचे असतात. ते युद्धशास्त्रात निष्णात असतात. पुराव्याच्या कायद्यात निष्णात असतीलच असे नाही. ही उणीव जज ॲडव्होकेट भरून काढतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये त्याची उपस्थिती कायद्यानेच अनिवार्य केली आहे. तो न्यायालयास कायदा समजावून सांगतो, पुराव्याचा गोषवारा मांडतो. मात्र निर्णयात त्यास मत नसते.

सन 1954 च्या भूदल नियमांनी त्याच्यावर आणखी एक कर्तव्य सोपविले आहे आणि तेच या पदाचे मर्म होय. आरोपी केवळ आरोपी आहे म्हणून, किंवा त्यास साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही म्हणून, त्याचे नुकसान होऊ नये, हे जज ॲडव्होकेटने पाहावयाचे असते. खेड्यातून आलेला, इंग्रजी कागद न उमजणारा जवान न्यायालयापुढे उभा असतो तेव्हा त्याची नोकरी, त्याचे निवृत्तिवेतन आणि घरच्यांची भाकरी पणास लागलेली असते. त्याच्या बचावासाठी अधिकारी अथवा वकील असतोच. तथापि सुनावणी न्याय्य झाली की नाही हे निःपक्षपणे पाहणारा माणूसही तितकाच आवश्यक असतो.

सर्वोच्च न्यायालयानेही या पदाचे महत्त्व ओळखले आहे. सन 2000 मध्ये चरणजितसिंग गिल प्रकरणी त्या न्यायालयाने असे ठरविले की, आरोपी अधिकाऱ्याहून कनिष्ठ दर्जाचा जज ॲडव्होकेट सामान्यतः नेमता येणार नाही. सल्ला देणाराच आरोपीपेक्षा खालच्या दर्जाचा असेल, तर त्याच्या निःपक्षपणाविषयी शंका उरते, हे त्यामागील तत्त्व आहे.

खटले हेच केवळ या अधिकाऱ्यांचे काम नव्हे. शिस्तभंगाच्या प्रकरणांची छाननी, आरोपपत्रांची तपासणी आणि वरिष्ठांना कायदेविषयक सल्ला, ही त्यांची नित्याची कामे होत. उच्च न्यायालयांत किंवा सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे चालणाऱ्या दाव्यांतही त्यांचे साह्य लागते. हे न्यायाधिकरण 2007 च्या कायद्याने स्थापन झाले असून गोवा राज्य त्याच्या मुंबई खंडपीठाच्या कक्षेत येते.

पात्रता

भूदलात ही भरती जज ॲडव्होकेट जनरल विभागासाठी, जॅग प्रवेश या नावाने होते. त्यासाठी उमेदवार कायद्याचा पदवीधर असावा लागतो. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अथवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा, दोन्ही अभ्यासक्रम चालतात. मात्र एकूण गुण किमान 55 टक्के हवेत. वकील म्हणून बार कौन्सिलमध्ये नोंदणी होण्याची पात्रता असावी. प्रत्यक्ष वकिलीचा अनुभव आवश्यक नाही. वय 21 ते 27 वर्षे असावे आणि उमेदवार अविवाहित असावा. अलीकडील जाहिरातींत सीएलएटी या परीक्षेच्या पदव्युत्तर स्तरावरील गुणही मागितले आहेत. प्रत्येक जाहिरातीतील अटी व तारखा मूळ मजकुरातूनच वाचाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सैन्याची स्वतंत्र लेखी परीक्षा येथे नसते. अर्जांतून निवडलेल्यांना सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डापुढे पाच दिवसांच्या मुलाखतीस बोलावितात. तेथे मानसशास्त्रीय चाचण्या, गटाने करावयाची कामे आणि प्रत्यक्ष मुलाखत होते. पुढे वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी आणि चेन्नई येथील ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 49 आठवड्यांचे प्रशिक्षण, असा क्रम आहे. उमेदवार लेफ्टनंट होतो. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन दरमहा 56,100 रुपयांपासून सुरू होते. लष्करी कायद्याचे विशेष शिक्षण नागपूरनजीक कामठी येथील इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ या संस्थेत मिळते.

नौदलातही विधी शाखा आहे. तेथेही कायद्याच्या पदवीस किमान 55 टक्के गुण लागतात. त्यांचे प्रशिक्षण केरळातील एझिमला येथे होते.

एक गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. ही नेमणूक अल्पकालीन असते : प्रथम दहा वर्षे व पुढे चार वर्षांची वाढ. कायम नेमणुकीसाठी विचार होतो, पण ती प्रत्येकास मिळत नाही; आणि चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास निवृत्तिवेतन नसते. अर्थात कायद्याची पदवी हाती असल्याने पुढे वकिलीचा मार्ग खुला राहतो.

मुलींना संधी

या विभागात स्त्रियांना कायम नेमणूक देण्याचे धोरण 2008 मध्ये आले. तरीही जागा स्त्री-पुरुषांसाठी निरनिराळ्या ठेवल्या जात. एकतिसाव्या तुकडीसाठी पुरुषांच्या सहा व स्त्रियांच्या तीन जागा होत्या. स्त्रियांच्या यादीत चौथ्या व पाचव्या आलेल्या दोघींना निवड झालेल्या काही पुरुषांहून अधिक गुण असूनही प्रवेश मिळाला नाही. त्यांच्या याचिकेवर 11 ऑगस्ट 2025 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी रद्द ठरवून दोघांची एकच गुणवत्ता यादी करण्याचा आदेश दिला.

तयारी केव्हापासून?

एका तुकडीच्या या नऊ जागांवरून स्पर्धेची कल्पना यावी. पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी साधारण तेविसाव्या वर्षी, तर तीन वर्षांचा घेणारा चोविसाव्या वर्षी पदवीधर होतो. म्हणजे प्रयत्नांस तीन-चार वर्षेच उरतात. त्यांत एखादे वर्ष अनुत्तीर्ण होण्यात गेले, तर ती मुदत आणखी आखूड होते. शिवाय टक्केवारी सर्व वर्षांच्या गुणांवरून ठरत असल्याने पहिल्या वर्षीची हयगय शेवटच्या वर्षी भरून काढणे कठीण जाते.

म्हणून मिरामारच्या साळगावकर महाविद्यालयात वा मडगावच्या कारे महाविद्यालयात कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच वर्षी हा मार्ग ध्यानात घ्यावा. फौजदारी कायदा, पुराव्याचा कायदा व संविधान हे विषय मन लावून अभ्यासावेत. रोज धावावे, वृत्तपत्र वाचावे आणि चारचौघांत इंग्रजी-हिंदीतून विचार मांडण्याची सवय ठेवावी. उच्च माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी बारावीच्या वर्गात ही माहिती एकदा अवश्य सांगावी. ग्रामपंचायतींनी जाहिरात निघताच ती फलकावर लावावी.

आपल्या गावांनी सैन्यास जवान दिले आहेत. त्यांपैकी एखादा उद्या कोर्ट मार्शलपुढे उभा राहिला, तर सुनावणी न्याय्य व्हावी म्हणून जागरूक राहणारा जज ॲडव्होकेटही आपल्याच गावच्या शाळेतून घडावा.