आज्ञावल्यांचे स्थलांतर : प्रणाली बदलली तरी काम थांबू नये

संगणकावरील कामकाज आता प्रशासनाच्या अंगवळणी पडले आहे. वेतनदेयके, निवृत्तिवेतन, पाणीपट्टीची आकारणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी अशी किती तरी कामे या यंत्राच्या साहाय्याने होतात. त्यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्यांपैकी काही बाजारात तयार मिळतात; परंतु पुष्कळशा त्या त्या कार्यालयाने आपल्या नियमांप्रमाणे खास तयार करवून घेतलेल्या असतात. अशी आज्ञावली ज्या संचालन प्रणालीवर, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालते ती प्रणाली बदलावयाची वेळ आली म्हणजे बिकट प्रश्न उभा राहतो. नवी यंत्रे आली, जुनी आज्ञावली त्यांवर चालेना आणि त्यामुळे निवृत्त कर्मचाऱ्याचे देयक अडकले, असे होऊ नये यासाठी काय करावयास हवे, याचा विचार येथे केला आहे.

प्रणाली का बदलावी लागते?

संचालन प्रणाली ही यंत्र आणि आज्ञावली यांमधील दुभाषी होय. कळफलकावरील अक्षर स्वीकारणे, फाईल जपून ठेवणे, मुद्रकाकडे मजकूर पाठविणे ही कामे आज्ञावली स्वतः करीत नाही. ती प्रणालीकडून करवून घेते. प्रणालीच्या निर्मात्याने तिच्यातील सुरक्षाविषयक दोष दुरुस्त करणे थांबविले की ती वापरणे धोक्याचे ठरते. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे अशा प्रणालीचे आयुष्य दहा ते तेरा वर्षांचे. सेवेची किंवा जन्माची नोंद मात्र पन्नास वर्षांनंतरही लागते. नोंदींचे आयुष्य प्रणालीच्या आयुष्याहून मोठे असल्यामुळे स्थलांतर हे आकस्मिक संकट नसून कार्यालयाचे नियमित कर्तव्य आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आज्ञावली अडते कोठे?

विंडोजवरील आज्ञावली लिनक्सवर नुसती उतरवून घेतली तर ती चालत नाही. दोन्ही प्रणालींत चालविण्याजोग्या फाईलची रचनाच भिन्न आहे, आणि प्रणालीकडे काम मागण्याची रीतही भिन्न आहे. ही अडचण तत्काळ दिसते, म्हणून ती तितकीशी घातक नाही. घातक ठरतात ते बारीक फरक. विंडोजला फाईलच्या नावातील रोमन लिपीची लहान व मोठी अक्षरे सामान्यतः सारखीच वाटतात; लिनक्सला ती निरनिराळी वाटतात. देवनागरीत हा भेदच नसल्याने तो आपल्या सहज लक्षात येत नाही. पण त्यामुळे समोर असलेली फाईल आज्ञावलीस सापडत नाही. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणून विंडोज दोन संकेत वापरते, तर लिनक्स एकच. टंकलेखन यंत्रात गाडी मागे नेणे आणि कागद वर सरकविणे या दोन क्रिया होत्या, त्यांचाच हा वारसा होय. याखेरीज छापील नमुन्यावर अचूक रकान्यात आकडे उमटविणारी मुद्रकाची मांडणी, फाईली पाहण्याचे अधिकार आणि तारीख लिहिण्याची पद्धत या जागाही काळजीपूर्वक तपासाव्या लागतात.

उपलब्ध मार्ग

स्थलांतराचे मार्ग मुख्यतः पाच आहेत. पहिला, आज्ञावलीचा मूळ लेख म्हणजे सोर्स कोड हाती असल्यास त्यात आवश्यक फेरफार करून तो नव्या प्रणालीसाठी पुन्हा सिद्ध करणे. दुसरा, आज्ञावली नव्याने लिहिणे. तिसरा, ती मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरता येईल असे रूप तिला देणे. मग कर्मचाऱ्याच्या मेजावर कोणती प्रणाली आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. चौथा, वाईनसारख्या मध्यस्थ आज्ञावलीचा आधार घेणे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावलीच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पोचवितो. पाचवा, नव्या प्रणालीच्या पोटात आभासी यंत्र निर्माण करून त्यात जुनी प्रणाली चालविणे. शेवटचे दोन मार्ग त्वरित उपयोगी पडतात. परंतु ते तात्पुरते डागडुजीचे होत. आभासी यंत्रातही जुनी प्रणाली जुनीच राहते व तिचे दोषही राहतात.

म्युनिकचा अनुभव

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४ या प्रणालीचा आधार संपत आल्याने तेथील नगर परिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. ‘लिमक्स’ या नावाने हे काम चालले आणि २०१३ अखेर ते पूर्ण झाल्याचे घोषित झाले; तोपर्यंत चौदा हजारांहून अधिक संगणक नव्या प्रणालीवर आले होते. एवढा काळ का लागला? निरनिराळ्या विभागांनी आपापल्या सोयीने केलेली स्वतंत्र व्यवस्था, शेकडो खास आज्ञावल्या आणि पत्रांचे व अर्जांचे हजारो नमुने प्रथम शोधून काढावे लागले, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. अनेक नमुन्यांत छोट्या आज्ञा दडलेल्या होत्या. ते सर्व एका व्यवस्थेखाली आणण्यासाठी शहराने ‘वोलमक्स’ ही आज्ञावली तयार केली व २००८ मध्ये ती सर्वांना खुली केली. ज्या आज्ञावल्या हलविता आल्या नाहीत त्यांसाठी मध्यस्थ आज्ञावली व आभासी यंत्रे वापरण्यात आली.

पुढे २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले. त्यामागील कारणांविषयी तेथे पुष्कळ वाद झाला. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तेथे खुल्या आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. प्रणालीची निवड धोरणाबरोबर बदलू शकते. म्हणूनच आपली खास आज्ञावली एकाच प्रणालीशी जखडलेली नसणे हिताचे, हा यातील खरा बोध होय.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने निराळा क्रम स्वीकारला. त्यांनी २००५ मध्ये प्रथम कार्यालयीन लेखनाची आज्ञावली बदलली, २००६ मध्ये ब्राउझर बदलला आणि २००८ पासून संचालन प्रणाली बदलण्यास आरंभ केला. आधी बदललेली साधने दोन्ही प्रणालींवर चालणारी असल्यामुळे प्रत्यक्ष प्रणाली बदलली तेव्हा कर्मचाऱ्यांचा हात बसलेला होता. २०२४ च्या मध्यास या दलाच्या एक लाखाहून अधिक संगणकांपैकी सुमारे ९७ टक्के संगणक लिनक्सवर होते.

मराठी मजकुराची विशेष काळजी

आपल्याकडील स्थलांतरात लिपीचा प्रश्न आणखी भर घालतो. पूर्वीच्या पुष्कळ टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, रोमन अक्षरांच्या संकेतांनाच देवनागरीचे आकार दिलेले असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर हाच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेत असल्याने ही अडचण उरत नाही. परंतु जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे केवळ अक्षरामागून अक्षर बदलणे नव्हे. ‘निधी’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘न’च्या आधी दिसते व अशा टंकांत ती आधीच साठविली जाते, युनिकोडमध्ये ती ‘न’नंतर येते. ‘कार्य’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘य’नंतर, तर युनिकोडमध्ये ‘य’पूर्वी असतो. हे रूपांतर चुकले तर नोंद नाहीशी होत नाही, पण शोधूनही सापडत नाही. ज्या नागरिकाचे नाव असे बिघडले, त्याच्या दृष्टीने नोंद नसण्यासारखेच ते होय.

पूर्वतयारी व पडताळणी

स्थलांतर हाती घेणाऱ्या कार्यालयाने पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

१. वापरातील सर्व आज्ञावल्यांची सूची करावी. प्रत्येकीपुढे ती कोण वापरतो, महिन्यातून किती वेळा वापरतो आणि ती बंद पडल्यास कोणाचे काम अडते, हे नमूद करावे.

२. सोर्स कोड, त्याचे हक्क आणि आज्ञावलीत घातलेले नियम यांची लेखी नोंद ताब्यात घ्यावी. नवी आज्ञावली करवून घेताना ही अट करारातच असावी.

३. आज्ञावली ज्याच्या हातून रोज चालते त्या लिपिकास प्रथमपासून सहभागी करून घ्यावे. नियमांतील अपवाद त्यालाच ठाऊक असतात.

४. माहिती हलविण्यापूर्वी तिची प्रत सुरक्षित ठेवावी, व ती प्रत परत उघडते याची खात्री करावी. हलविल्यानंतर नोंदींची संख्या व रकमांच्या बेरजा जुन्याशी जुळवाव्यात.

५. काही काळ जुनी व नवी व्यवस्था समांतर चालवावी. २९ फेब्रुवारीची तारीख, आर्थिक वर्षाचा शेवट, पूर्वलक्षी थकबाकी व पैशांची पूर्णांकात आकारणी या प्रसंगी दोहोंची उत्तरे एकच येतात किंवा कसे, हे पाहावे.

या कामांपैकी अर्ध्याहून अधिक कामांस तंत्रज्ञाची गरज नाही. ती कार्यालयाने स्वतःच करावयाची आहेत. कारण खास आज्ञावलीत साठलेले असते ते कार्यालयाचेच ज्ञान. कोणता भत्ता कोणास द्यावयाचा, कोणती सूट केव्हापासून लागू झाली, हे निर्णय वर्षानुवर्षे तिच्यात भरले जातात, आणि ते घेणारी माणसे निवृत्त झाली की ते दुसरीकडे कोठे सापडतही नाहीत. हे ज्ञान वेळीच लिहून ठेवले तर कोणत्याही प्रणालीवर नवी आज्ञावली उभी करता येते. ते हरवले तर मात्र सर्वांत महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते. तेव्हा आधार संपल्याची तारीख दारात येऊन उभी राहण्याची वाट न पाहता प्रत्येक कार्यालयाने आपली सूची आजच करावयास घ्यावी.