केसपेपरवर ‘नोकरी’ एवढंच लिहू नका

डोळे पिवळे दिसले की आमच्या डोंबिवलीत कोणीतरी हमखास एखादं गाव सुचवतं. तिथे माळ घालतात, नाहीतर चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ ‘उतरवतात’. माझ्या साडूंनी दोन्ही केलं. पाणी पिवळंधमक होताना मीही शेजारी उभा होतो. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि चुन्याशी गाठ पडली की तो पिवळा होतो. धडधाकट माणसाने हात धुतले तरी तेच पाणी निघेल.

तरीही या मंडळींचं नाव टिकून आहे, कारण पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच जाते. श्रेय माळेला मिळतं.

साडूंची कावीळ त्यातली नव्हती. ना ताप, ना उलट्या. अंगाला मात्र अशी खाज, की रात्रभर नडग्या ओरबाडायचे. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं. यकृतातून निघालेलं पित्त आतड्यात पोचलंच नाही तर शौचाचा रंग जातो आणि तेच पित्त रक्तात साठून खाज सुटते. म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे. गणपतीत सुरू झालेलं हे दुखणं सोनोग्राफीपर्यंत पोचलं ते दिवाळीच्या तोंडावर. पित्तनलिका फुगलेल्या होत्या. दुर्बिणीतून स्टेंट टाकला, तुकडा तपासला, पित्तनलिकेचा कर्करोग. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. लवकर गेलो असतो तर वाचले असते, असं छातीठोक कोणी सांगणार नाही. हा आजार मुळातच उशिरा तोंड दाखवतो. पण ते आठवडे माळेवर गेले, हे खरं.

रक्ततपासणीत आणखी एक गोष्ट निघाली: हिपॅटायटिस बी. घरात कोणाला पत्ताच नव्हता. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुकाट बसतो आणि यकृताच्या कर्करोगाप्रमाणे पित्तनलिकेच्या कर्करोगाचाही धोका वाढवतो. मग सगळ्यांची तपासणी झाली. मेहुणीला लागण नव्हती, तिला लशीचे तीन डोस दिले. मुलाला निघाली, तो आता नियमित तपासणीत आहे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधं त्यात मोफत आहेत. सी तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर यांपैकी जवळ असेल तिथे विचारा. सोय तिथे नसली तर कुठे जायचं ते तरी कळेल. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत बी-ची लस टोचून घ्या, बाळंतपण खासगीत झालं तरी.

थायलंडच्या ईशान्य भागात पित्तनलिकेचा कर्करोग फार, कारण तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खातात आणि त्यांतून यकृतकृमी पोटात जातो. आपण कटला काय नि रोहू काय, शिजवूनच खातो. ती वाट आपली नाही.

आपल्या भागाची भीती मला दुसऱ्याच बाजूने वाटते. साडू आणि मी, दोघंही छपाईतले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ऑफसेट मशीनवर उमेदीची वर्षं गेली. जपानमध्ये ओसाका शहरातल्या एका छापखान्यात ऐन तिशी-चाळिशीतल्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं २०१२ च्या सुमारास उघडकीला आलं. एवढ्या तरुण वयात हा आजार सहसा होत नाही. हवा न खेळणाऱ्या खोलीत दिवसातून शेकडो वेळा मशीनचं रबरी ब्लँकेट पुसायचं आणि त्या द्रावणात डायक्लोरोप्रोपेन असायचं. २०१३ मध्ये जपान सरकारने तो कामामुळे झालेला आजार मानला, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या रसायनाला माणसात कर्करोग करणारं ठरवलं.

आमच्या पुसायच्या द्रावणाच्या कॅनमध्ये काय होतं, मला माहीत नाही. साडूंचा आजार त्यातूनच आला असंही मी म्हणत नाही. त्यांना हिपॅटायटिस बी होताच. पण हे कोणी विचारलंच नाही. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ लिहिलं होतं. असा शब्द लिहिल्यावर एकाच कारखान्यातले चार रुग्ण चार दवाखान्यांत गेले तर त्यांचा धागा जुळणार कसा? डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला की सगळे धावतात. २०१६ ला धावले, २०२४ लाही धावले. रोज नाकावाटे आत जाणाऱ्या वाफेचा आवाज होत नाही. महापालिकेच्या रुग्णालयांनी आणि कामगार विमा दवाखान्यांनी हा रकाना नीट भरून घेतला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवला, तर त्याला फारसा खर्चही नाही.

तोवर आपण करायचं ते हे. मशीनचं वॉश-अप, म्हणजे शाई पुसून साफसफाई, करताना दारं-खिडक्या उघड्या, पंख्याने वाफ बाहेर, हातात मोजे. फडक्याचा मास्क वाफ अडवत नाही. पुरवठादाराकडे सेफ्टी डेटा शीट मागा. त्यावर नावं बोजड असतात, म्हणून रसायनाचा कॅस नंबर बघा: ७८-८७-५ म्हणजे डायक्लोरोप्रोपेन, ७५-०९-२ म्हणजे डायक्लोरोमिथेन, ओसाकाच्या त्याच छापखान्यात वापरलं जाणारं. शीटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कावीळ, खाज घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर न विचारता दाखवा.