पाठ ९ : जेवलीस का?

पातळी ३ • विषय : खाणं, जेवण आणि मधल्या वेळचं • व्याकरण : 'जेवणे' आणि 'खाणे' या क्रियापदांचा भूतकाळ

वाचण्यापूर्वी

वर्गात किंवा घरी या प्रश्नांवर बोला.
१. तुमच्या घरी रात्रीचं जेवण किती वाजता होतं?
२. शाळेत मॉर्निंग टीला तुम्ही काय खाता? त्याला मराठीत काय म्हणाल?
३. आजी-आजोबांचा फोन आला की ते पहिला प्रश्न कोणता विचारतात?

भाग १ : साडेपाचचा 'टी'

मी साताऱ्यात मराठी शाळेत शिकलो. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. ब्रेकफास्ट म्हणजे न्याहारी, लंच म्हणजे दुपारचं जेवण, डिनर म्हणजे रात्रीचं जेवण आणि टी म्हणजे चहा, असे चार शब्द मी पाठ केले. पुढे कॉम्प्युटरचं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही इंग्रजीतच. मला वाटायचं, आता इंग्रजीचा काही प्रश्न नाही.

मग आम्ही न्यूझीलंडला, हॅमिल्टनला राहायला आलो. दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "शनिवारी साडेपाचला टीला या." त्या एकट्याच राहायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. जाताना त्यांनी विचारलं, "तुम्ही मांस खात नाही ना?" चहाला बोलावताना हे कशाला विचारतात, असं माझ्या मनात आलं. पण मी नुसतं "नाही खात" म्हटलं.

शनिवारी आमच्याकडे मित्र आले होते. गप्पांच्या नादात जेवायला तीन वाजले. पोटभर जेवलो आणि साडेपाचला बिस्किटांचा एक पुडा घेऊन शेजारी गेलो.

टेबलावर पाच जणांना पुरेल एवढं जेवण मांडलेलं होतं! भाज्या घातलेला मोठा पाय, भाजलेला कुमरा म्हणजे आपलं रताळं, मटार, सॅलड आणि नंतर खायला सफरचंदाचं क्रंबल. चहा कुठेच नव्हता.

मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "आम्ही अर्ध्या तासात निघू. घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे."

बाई गप्प झाल्या. हातातला चमचा त्यांनी हळूच खाली ठेवला. तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या लेकीने माझी बाही ओढली आणि कानात सांगितलं, "बाबा, टी म्हणजे डिनर!" ती इथल्या शाळेत जायला लागून जेमतेम महिना झाला होता, पण तिला ते ठाऊक होतं.

मी बाईंची माफी मागितली आणि काय गोंधळ झाला ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिघंही पुन्हा जेवलो. निघताना त्या म्हणाल्या, "सकाळपासून ओव्हनपाशी उभी होते. मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही."

एका छोट्या शब्दाचा अर्थ मला कळला नाही, म्हणून एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टांवर पाणी पडणार होतं.

शब्दांची ओळख : न्यूझीलंडचे खाण्याचे शब्द

हे शब्द तुम्ही रोज ऐकता. पण भारतातून आलेल्या पाहुण्यांना ते समजावून सांगता येतील का? असं सांगा :

टी – इथे बऱ्याच घरांत याचा अर्थ संध्याकाळचं मुख्य जेवण असा होतो. हा शब्द ऐकला की वेळ विचारून घ्यावी. साडेपाच-सहा म्हणाले, तर पोट रिकामं ठेवून जावं.

मॉर्निंग टी – सकाळी दहा-साडेदहाच्या सुट्टीतलं खाणं. शाळेत आणि ऑफिसात दोन्हीकडे असतं. चहा घेतलाच पाहिजे असं नाही.

स्मोको – कामगारांची छोटी सुट्टी. पूर्वी या सुट्टीत लोक धूम्रपान करायचे, त्यावरून हा शब्द आला. आता स्मोकोमध्ये चहा आणि पाय चालतो.

सपर – रात्री उशिरा, कार्यक्रम किंवा सभा संपल्यावर, चहाबरोबर दिलेलं हलकं खाणं.

ब्रिंग अ प्लेट – 'प्लेट आणा' म्हणजे सगळ्यांना वाटून खाता येईल असा एखादा पदार्थ करून आणा. नव्याने आलेली माणसं खरोखर रिकामी ताटली घेऊन जातात. आम्ही दोन नेल्या होत्या, एकीवर एक ठेवून!

आन्ट्रे – इथे जेवणाच्या सुरुवातीचा छोटा पदार्थ. अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ मुख्य पदार्थ असा होतो.

काई – हा माओरी शब्द आहे. 'अन्न' आणि 'खाणं' असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. दक्षिण बेटावरचं काइकोउरा हे गाव तुम्ही पाहिलं असेल. काई म्हणजे खाणं आणि कोउरा म्हणजे शेवंड. गावाच्या नावातच जेवण आहे! माओरी भाषेला १९८७ साली या देशात अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. आज 'काई' हा शब्द इंग्रजी बोलतानाही सगळे वापरतात.

भाग २ : आजीचा फोन

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता माझी लेक दहा वर्षांची आहे.

माझी आई साताऱ्याला राहते. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. दर रविवारी आम्ही तिला फोन करतो. जुलै महिन्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा भारतात दुपारचा एक वाजलेला असतो. म्हणजे आपली रात्रीच्या जेवणाची वेळ आणि तिची दुपारच्या जेवणाची वेळ एकच.

एका रविवारी फोन लेकीने उचलला.

"जेवलीस का गं बाळा?" आजीने विचारलं.

"हो आजी, मी खाल्लं."

"खाल्लं? काय खाल्लंस?"

लेकीला 'वरण' हा शब्द पटकन आठवेना. ती म्हणाली, "असंच. थोडं थोडं."

झालं! आजीने फोन मला द्यायला सांगितला. "पोर उपाशी आहे आणि तू काय करतोस? काहीतरी तोंडात टाकून झोपवतोस का तिला?"

खरं तर लेक वरण-भात, भाजी, पोळी असं सगळं पोटभर जेवली होती. पण 'मी खाल्लं' म्हटल्यावर आजीला बिस्किट दिसलं. मला शेजारच्या बाईंचं टेबल आठवलं. तेव्हा मी चुकलो होतो आणि लेकीने मला सांभाळून घेतलं होतं. आता माझी पाळी होती.

आठवडाभर आम्ही दोघांनी सराव केला. पुढच्या रविवारी आजीने नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"

"हो आजी, जेवले. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पोळी. तू जेवलीस का?"

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग आजी म्हणाली, "नाही गं अजून. एकटीसाठी काय ताट वाढून घ्यायचं? सकाळी खाल्लेत थोडे पोहे. होईल आता."

लेक क्षणभर थांबली. मग म्हणाली, "पोहे म्हणजे खाणं झालं. जेवण नाही झालं. तू आत्ता जेव. मी फोन चालू ठेवते."

आजी हसली. भांड्यांचा आवाज आला. तिने ताट वाढून घेतलं आणि ती जेवेपर्यंत लेक तिला शाळेतल्या गमती सांगत बसली. आता दर रविवारी असंच होतं. आम्ही आधी जेवतो आणि मग आजी आमच्याबरोबर जेवते.

व्याकरण : जेवले की खाल्लं?

इंग्रजीत सफरचंदासाठी आणि पूर्ण जेवणासाठी एकच क्रियापद चालतं. मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत.

जेवणे म्हणजे ताट वाढून घेऊन पोटभर जेवण करणे. यात काय जेवलो ते सांगावंच लागत नाही. क्रियापद जेवणाऱ्या माणसाप्रमाणे बदलतं.

मी जेवलो (मुलगा) / मी जेवले (मुलगी)
तू जेवलास / तू जेवलीस
तो जेवला / ती जेवली
आम्ही जेवलो / तुम्ही जेवलात
ते जेवले / त्या जेवल्या

खाणे म्हणजे कोणताही पदार्थ खाणे. इथे क्रियापद पदार्थाप्रमाणे बदलतं आणि 'तो', 'ती' यांना 'ने' लागतो.

त्याने लाडू खाल्ला.
तिने पोळी खाल्ली.
मी केळं खाल्लं.
आम्ही पोहे खाल्ले.

लक्षात ठेवा : 'मी सफरचंद जेवलो' असं कधीच म्हणत नाहीत. 'मी जेवण खाल्लं' हेही कानाला खटकतं. 'मी जेवलो' किंवा 'माझं जेवण झालं' असं म्हणा. चहासाठी 'पिणे' चालतं, पण पाहुण्यांना विचारताना 'चहा घेणार का?' असं विचारतात.

शब्दसाठा : छोटं खाणं, मोठं खाणं

न्याहारी – सकाळचं खाणं. गावाकडे हा शब्द जास्त ऐकू येतो. शहरात 'नाश्ता' म्हणतात.
खाऊ – मुलांना प्रेमाने दिलेला गोड किंवा चटपटीत पदार्थ. पाहुणे येताना खाऊ आणतात.
मधल्या वेळचं – दोन जेवणांच्या मधे खायचं काहीतरी हलकं.
मधली सुट्टी – शाळेत डबा खायची सुट्टी.
डबा – घरून नेलेलं जेवण आणि ते ज्यात नेतात ते भांडंही. मुंबईचे डबेवाले साधारण १८९० पासून लोकांच्या घरचं जेवण ऑफिसात पोचवत आले आहेत.
फराळ – हा शब्द 'फलाहार' म्हणजे फळं खाणे यावरून आला. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खातात, तो फराळ. दिवाळीत चकली, करंजी, चिवडा, लाडू खातात, तोही फराळच! उपास असेल तर 'जेवलो' म्हणत नाहीत, 'फराळ केला' म्हणतात.
अल्पोपाहार – अल्प म्हणजे थोडा. कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'नंतर अल्पोपाहार' असं लिहिलेलं असतं. बोलताना हा शब्द फारसा वापरत नाहीत.
कांदेपोहे – पदार्थाचं नाव तर आहेच. पण लग्न ठरवण्यासाठी मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटतात, त्या कार्यक्रमालाही गमतीने 'कांदेपोहे' म्हणतात.
चहाबिहा – चहा आणि बरोबर काहीतरी. आपल्याकडेही 'चहाला या' म्हटलं की नुसता चहा नसतो. पोहे, चिवडा, निदान बिस्किटं तरी असतात. पण पूर्ण जेवण मात्र नसतं!

माहीत आहे का?

'ब्रेकफास्ट' या शब्दाचे दोन तुकडे करा : ब्रेक म्हणजे मोडणे, फास्ट म्हणजे उपास. रात्रभराचा उपास सोडायचा, तो ब्रेकफास्ट. 'नाश्ता' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'नाश्ता' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. आणि 'डिनर' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण त्याचंही मूळ लॅटिनमधल्या 'उपास सोडणे' या अर्थाच्या शब्दात आहे. तीन शब्द, तीन वाटा, पण सुरुवात एकच : रिकामं पोट.

स्वाध्याय

अ. योग्य रूप लिहा.
१. काल रात्री आजोबा लवकर ______ . (जेवणे)
२. तिने दोन चकल्या ______ . (खाणे)
३. मधल्या सुट्टीत मी केळं ______ . (खाणे)
४. आई, तू ______ का? (जेवणे)

आ. कोणता शब्द वापराल? (खाऊ, फराळ, डबा, न्याहारी)
१. एकादशीला आजीने साबुदाण्याच्या खिचडीचा ______ केला.
२. मामाने भाच्यांसाठी ______ आणला.
३. मी शाळेत पोळी-भाजीचा ______ नेतो.
४. शेतावर जाण्याआधी काकांनी भाकरीची ______ केली.

इ. एक-दोन वाक्यांत उत्तरं लिहा.
१. शेजारच्या बाई गप्प का झाल्या?
२. 'मी खाल्लं' हे ऐकून आजीला काळजी का वाटली?
३. 'तू जेवलीस का?' हे लेकीने विचारल्यावर आजी लगेच का बोलली नसेल? तुम्हाला काय वाटतं?

ई. या आठवड्याचं काम
भारतातल्या आजी, आजोबा, मावशी किंवा काकांना फोन करा. आधी तिकडे किती वाजले आहेत ते बघा. त्यांनी विचारण्याच्या आधी तुम्हीच विचारा : "जेवलात का?" किंवा "जेवलीस का?" ते काय म्हणाले, ते पाच वाक्यांत लिहून आणा.

उत्तरं
अ. १. जेवले २. खाल्ल्या ३. खाल्लं ४. जेवलीस
आ. १. फराळ २. खाऊ ३. डबा ४. न्याहारी
इ आणि ई यांची उत्तरं प्रत्येकाची वेगळी असतील. ती वर्गात वाचून दाखवा.